आफत सुलतानी

जुलमी राजवटींसाठी मराठीने जे शब्द घडवले किंवा उसने घेऊन आपलेसे केले, त्यांची यादी बरीच लांब होते. जुलूम, जालीम, मोगलाई, बेबंदशाही, झोटिंगशाही, तुघलकी, अलीकडची हुकूमशाही आणि त्याहून अलीकडची झुंडशाही. या सर्वांचा विचार पुढे यायचाच आहे. पण सुरुवात ‘सुलतानी’ या एका शब्दापासून आणि सोलापूर या एका जिल्ह्यापासून केली आहे, आणि त्याला कारण आहे. सुलतानी हा शब्द मराठीत सहसा एकटा येत नाही, ‘अस्मानी’च्या जोडीने येतो. ही जोडी जिथे पुरती अनुभवली गेली, असा सोलापूरसारखा मुलूख शोधून सापडणार नाही. बहमनी, आदिलशाही, निजामशाही, मोगल, मराठे आणि इंग्रज या सर्वांच्या फौजा या काळ्या जमिनीवरून गेल्या, पूर्वेची शीव ओलांडली की 1948 पर्यंत हैदराबादच्या निजामाचे राज्य होते, आणि वर पाऊस असा की तो चुकला म्हणून कोणाला नवल वाटू नये. जोडीतले दोन्ही अर्धे इथे हजर आहेत. एवढ्या सामग्रीवरून जे म्हणायचे आहे ते असे: सुलतानी हे राज्यकर्त्याचे नाव किंवा त्याला दिलेली शिवीही नाही. राज्यसत्तेमुळे रयतेचे जे नुकसान होते त्याचे ते नाव आहे. तो शब्द घडला महसुलाच्या बोलीत, सुटीच्या कलमात. आणि सुलतान गेल्यावरही तो टिकला याचे कारण त्या जन्मातच सापडते.

युरोपीय भाषांत जुलमी राजासाठी जो प्रमुख शब्द आहे, त्याचे मूळ ग्रीक ‘टिरॅनोस’. प्रारंभी त्याचा अर्थ एवढाच होता की वारसाहक्काने नव्हे, तर स्वतःच्या बळावर गादी मिळवलेला माणूस. तो चांगलाही असू शके. पुढे अथेन्सच्या राजकारणाने आणि प्लेटोसारख्यांच्या लेखणीने त्या शब्दाला काळिमा लावला. ‘डेस्पॉट’ म्हणजे मुळात घरधनी. रोमचा ‘डिक्टेटर’ तर कायदेशीर अधिकारी, संकटकाळात जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी नेमलेला. या तिन्ही शब्दांच्या केंद्रस्थानी एक माणूस आहे. दोष द्यायचा तर त्याला, मारायचे तर त्याला, आणि तो गेला की प्रश्न संपला अशी निदान आशा तरी करता येते. मराठीतला ‘तुघलकी’ याच जातीचा: राजधानी दौलताबादला हलवणाऱ्या महंमद तुघलकाचे नाव काढून घेतले तर त्या शब्दात काही उरत नाही. सुलतानीची रचना वेगळी आहे. तिच्यात सुलतान कोण, कुठला, चांगला की वाईट, याची चौकशीच नाही.

मूळ अरबी ‘सुलतान’ हे देखील प्रथम माणसाचे नाव नव्हते. सत्ता, अधिकार, जोर असा त्याचा भाववाचक अर्थ. कुराणात तो बहुधा अधिकृत प्रमाण, आधार या अर्थाने येतो. बगदादच्या खलिफाकडे धर्माची गादी राहिली आणि तलवारीची सत्ता इतरांच्या हाती गेली, तेव्हा त्या प्रत्यक्ष सत्तेला आणि मग ती गाजवणाऱ्याला सुलतान म्हणू लागले. परंपरेने हा किताब पहिल्यांदा मिरवण्याचा मान गझनीच्या महमुदाला दिला जातो. त्याची कारकीर्द 998 ते 1030. इथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीना संगमावर, हत्तरसंग कुडलच्या मंदिरात जो मराठी शिलालेख आहे तो शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा. मराठीच्या अगदी जुन्या लिखित पुराव्यांत त्याची गणना होते. संगमावर मराठी अक्षरे दगडात उतरत होती तेव्हा सुलतान हा किताबही जगात नवाच होता. दोघांची गाठ पडायला आणखी तीनेक शतके जावी लागली. 1347 मध्ये बहमनी राज्य उभे राहिले, त्याची राजधानी गुलबर्ग्याला आणि पुढे बिदरला गेली, आणि सोलापूर या दोन्ही राजधान्यांच्या जवळच्या टापूत आले. पुढे बहमनींची शकले झाली आणि सोलापूरचा किल्ला विजापूर आणि अहमदनगर यांच्या सीमेवर सापडला. 1524 मध्ये इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचे बुऱ्हाण निजामशहाशी लग्न ठरले तेव्हा सोलापूर आंदण देण्याचे बोलणे झाले. ते पाळले गेले नाही आणि त्यावरून लढाया पेटल्या. पुढे नातवंडांच्या पिढीत चाँदबिबीच्या लग्नात तोच किल्ला उलट दिशेने आंदण गेला. दोन राजघराण्यांच्या सोयरिकीत किल्ल्याभोवतीच्या गावांना कोणी विचारले नसणार. पण त्यांच्या उभ्या ज्वारीतून फौज किती वेळा गेली असेल, याचा अंदाज बांधायला इतिहासकार असण्याची गरज नाही.

आता एक साधा प्रश्न. विजापूर आणि अहमदनगरचे राजे स्वतःला ‘शाह’ म्हणवत. दिल्लीचा धनी ‘पातशहा’ होता. मराठी रयतेच्या तोंडी आणि कागदोपत्री हेच शब्द जास्त. मग ‘पातशाही’ला वाईट अर्थ का चिकटला नाही? आदिलशाही, निजामशाही ही नावे अजूनही निव्वळ ऐतिहासिक आहेत. ‘शाही’ या प्रत्ययाचे तर इतके भले झाले की ज्या राज्यपद्धतीत शहा नसतोच तिलाही आपण ‘लोकशाही’ म्हणतो. ‘नवाबी’ला ऐषआरामाचा वास आहे, जुलमाचा नाही. म्हणजे मुसलमान राजांविषयीच्या रागातून सुलतानी हा शब्द काळवंडला असे म्हणावे, तर तो राग एकाच शब्दावर का निघाला आणि त्याच राजांच्या बाकीच्या बिरुदांना का शिवला नाही, याचे उत्तर द्यावे लागते. ते उत्तर राजांच्या चरित्रांत सापडत नाही. ते महसुलाच्या कागदांत आहे.

मध्ययुगीन दख्खनमध्ये गाव, परगणा किंवा मामलत ठरावीक रकमेला कोणाच्या हवाली होई तेव्हा करारात एक अट असे: आफत अस्मानी किंवा आफत सुलतानी आली तर वसुलात सूट मिळावी. अस्मानी म्हणजे अवर्षण, गारपीट, टोळधाड, पूर. सुलतानी म्हणजे फौजेची दौड, लूट, राज्यातली धामधूम, वरून आलेला अवाजवी हुकूम. दोन्हींमध्ये समान गोष्ट ही की ज्याच्यावर देणे आहे त्याचा त्यात दोष नाही. व्याकरणही याला साक्ष देते. ‘सुलतानी आली’, ‘अस्मानी ओढवली’ असे आपण स्त्रीलिंगी बोलतो. ‘आफत’ हे नाम बोलण्याच्या ओघात गळून पडले, पण जाताना आपले लिंग ठेवून गेले. यावर कोणी म्हणेल की पाटीलकी, देशमुखी, नवाबी हेही ‘ई’कारान्त आणि स्त्रीलिंगीच आहेत, तेव्हा सुलतानी म्हणजे सरळ ‘सुलतानपण’, त्यासाठी आफतीला मध्ये आणण्याचे काय कारण? हा आक्षेप सुलतानीपुरता खरा वाटतो. अस्मानीपाशी तो अडतो. अस्मान हे काही पद नव्हे, आणि आभाळाची वतनदारी कोणाला मिळाल्याचे ऐकिवात नाही. अस्मानीची उपपत्ती ‘अस्मानातून आलेली (आफत)’ अशीच लावावी लागते, आणि जोडीतल्या एका शब्दाला एक न्याय लावून दुसऱ्याला दुसरा लावता येत नाही. मोल्सवर्थच्या कोशाच्या 1857 च्या आवृत्तीतही हे दोन शब्द एकमेकांच्या समोर ठेवून दिले आहेत: एक आभाळातून येणारे संकट, दुसरे सरकारकडून येणारे.

जोडी फारसी-अरबी असली तरी कल्पना इथली आहे, आणि फार जुनी. संस्कृतात शेतीवरच्या संकटांना ‘ईति’ म्हणत. त्यांची जी सहाची यादी सर्वांत प्रसिद्ध आहे तिच्यात अतिवृष्टी, अनावृष्टी, टोळ, उंदीर आणि पोपट यांच्या पंक्तीला सहावे नाव आहे ते जवळ येऊन ठेपलेल्या राजांचे. उंदरांच्या शेजारी राजाला बसवणाऱ्या त्या अनामिक यादीकाराची नजर शेतकऱ्याची होती, दरबारी कवीची खास नव्हे. कौटिल्याने तर ‘स्वचक्र’ आणि ‘परचक्र’, म्हणजे आपल्या सैन्याचा उपद्रव आणि शत्रुसैन्याचा उपद्रव, यांत अधिक वाईट कोणता असा वाद मांडला आहे. त्याचा कौल परचक्र अधिक वाईट असा पडतो, कारण आपल्या सैन्याला आवर घालता येतो. निकालापेक्षा मला प्रश्न महत्त्वाचा वाटतो. आपल्या राजाचे सैन्यही प्रजेला पीडा देते, ही गोष्ट तिथे गृहीतच धरली आहे. वाद फक्त मापाचा. फारसी शब्द आले तेव्हा त्यांना बसायला अशी तयार जागा मिळाली.

सोलापूर जिल्ह्यातच या जोडीची सर्वांत बोलकी कथा आहे, ती मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात बहमनी सुलतानाच्या या अधिकाऱ्याने सरकारी कोठारातले धान्य उपाशी रयतेला वाटले. त्याला बिदरला बोलावणे आले. आणि तो पोचण्यापूर्वी विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची पूर्ण रक्कम दरबारात भरली, असे परंपरा सांगते. चमत्कार बाजूला ठेवून हिशेब पाहावा. पाऊस पडला नाही ही अस्मानी. पण कोठारात धान्य होते. लोक उपाशी मरत होते ते धान्य नसल्यामुळे नव्हे, धान्य सरकारचे असल्यामुळे. कथेत सुलतान क्रूर दाखवलेला नाही. तो आपले येणे मागतो, मिळाल्यावर पावती देतो आणि पुढे दामाजीपंतांचा मानही राखतो. कथेत जुलमी माणूस कोणीच नाही आणि सुलतानी मात्र पुरेपूर आहे, कारण प्रत्यक्ष देवालाही तो आकडा माफ करून घेता आला नाही, भरावा लागला. मंगळवेढ्याच्या या कथेने जे ओळखले ते कोशकारांनी फार उशिरा नोंदवले: सत्तेचा जाच होण्यासाठी सत्ताधीश दुष्ट असावाच लागतो असे नाही, नियम तसाच चालू राहिला तरी पुरते.

प्रत्यक्ष इतिहासात मात्र दुष्टपणाला तोटा नाही आणि दोन आफती बहुधा हातात हात घालूनच आल्या. 1630 चे अवर्षण दख्खन आणि गुजरातभर पसरले, त्याच वेळी शहाजहानच्या फौजा निजामशाहीवर चालून आल्या होत्या. माणसे भुकेने मेली ती पाऊस नव्हता म्हणून आणि दाणागोटा फौजेकडे वळला म्हणूनही. देहूच्या तुकोबांचा संसार त्याच वर्षांत उद्ध्वस्त झाला. समर्थ रामदासांच्या नावावर ‘अस्मानी सुलतानी’ या शीर्षकाचेच प्रकरण आहे, म्हणजे सतराव्या शतकात ही जोडी कागदातून उठून कीर्तन-प्रवचनाच्या भाषेतही रुळली होती. त्या शतकाच्या अखेरीस औरंगजेबाचा तळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला, आजच्या मंगळवेढे तालुक्यात, चार वर्षे पडून होता, 1695 ते 1699. माचणूरचा किल्ला त्याचीच खूण. बादशहाची छावणी म्हणजे चालते शहर: हत्ती, घोडे, उंट, बैल, बाजार, मनसबदारांचे लवाजमे. एवढ्या जनावरांच्या वैरणीला भीमेचे खोरे चार वर्षे जुंपले गेले. पिके तुडवली जाण्याला फारसीत ‘पायमाल’ म्हणत, आणि मोगलांच्या जमाखर्चात तुडवलेल्या पिकाच्या भरपाईचीही सोय होती. मराठीने तो शब्द ‘पायमल्ली’ असा घेतला. आज आपण कायद्याची पायमल्ली म्हणतो तेव्हा मुळात ती ज्वारीची होती हे ध्यानात राहत नाही. बादशहाच्या दफ्तरात भरपाईचे सदर असणे हा पुरावा दुहेरी आहे. नुकसान होई हे कबूल, आणि ते भरून मागण्याचा हक्क रयतेला आहे हेही, निदान कागदावर, कबूल. भरपाई शेवटच्या शेतापर्यंत किती पोचली असेल ही वेगळी गोष्ट. आजच्या वाचकाला ती समजावून सांगावी लागू नये.

आता सर्वांत मोठा आक्षेप विचारात घ्यावा. हा शब्द मुळातच मुसलमानी राजवटीविरुद्धचा आहे, त्यातले ‘सुलतान’ काही योगायोगाने आलेले नाही, आणि त्याला महसुली कलम म्हणणे म्हणजे डोळेझाक करणे, असे म्हटले जाते. गंमत अशी की हे दोन विरुद्ध बाजूंनी म्हटले जाते. एक बाजू त्या अर्थाचा अभिमान बाळगते, दुसरी त्याच अर्थासाठी शब्दच टाळू पाहते. दोघांनाही पुरावा एकच दाखवता येतो. शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले 1670 च्या दशकातले पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की दाणा-वैरण उधळून संपवलीत आणि मग कुणब्यांच्या घरचे धान्य, भाजी, लाकूड ओरबाडू लागलात, तर लोक परागंदा होतील आणि मोगल परवडले असे म्हणतील. स्वराज्याची फौजही सुलतानी आणू शकते, हे स्वराज्याच्या संस्थापकाइतके स्पष्ट कोणी सांगितलेले नाही. आणि पुढे ते झालेही. 1802 मध्ये यशवंतराव होळकरांची फौज पुण्यावर चालून आली, तिच्या आगेमागे पेंढारी होते, 1803 मध्ये पावसाने ओढ दिली आणि 1803-04 चा भीषण दुष्काळ पडला. त्यात सुलतान कुठेच नव्हता. पेशवे ब्राह्मण, होळकर धनगर, पेंढाऱ्यांत दोन्ही धर्मांचे लोक, आणि रयतेच्या दृष्टीने सुलतानी पुरती. दुसऱ्या बाजीरावाने मामलती मक्त्याने जास्त बोली लावणाऱ्याला द्यायला सुरुवात केली, तेव्हा तर फौजेचीही गरज उरली नाही.

एवढे झाल्यावरही आक्षेपातला एक अंश मान्य करायला हवा. एकोणिसाव्या शतकापासून शाळेतल्या इतिहासाने आणि देशभक्तीच्या वाङ्मयाने या शब्दाला एका विशिष्ट कालखंडाशी जखडले आणि अनेक वाचकांच्या मनात आज तोच अर्थ आधी उमटतो. ते शब्दाचे मूळ नाही, त्याचा नंतरचा रंग आहे. पण रंगही खराच असतो. या बाबतीत ‘मोगलाई’शी तुलना उपयोगी पडते. पेशव्यांच्या पत्रव्यवहारात निजामाला मोगलच म्हणत. सोलापुरात मोगलाई म्हणजे तुळजापूर-नळदुर्गाकडचा निजामी मुलूख, नकाशावर बोट ठेवून दाखवता येणारा. मग ‘इथे काय मोगलाई लागून गेली आहे?’ हा प्रश्न अंदाधुंदीसाठी वापरात आला. म्हणजे मोगलाई हा शीव असलेला शब्द आहे, तो नेहमी पलीकडच्या राज्याकडे बोट दाखवतो. सुलतानीला पलीकडे नाही. ती ज्याच्या त्याच्या राज्यात येते. सोलापूरकरांनी हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी वापरले आणि त्यांची गल्लत केली नाही, हे मला पुस्तकी व्युत्पत्तीपेक्षा वजनदार वाटते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि त्याला पूर्ण उत्तर आहे असे मी म्हणणार नाही. राजाच्या जुलमाला आभाळाच्या शेजारी बसवले की तोही आभाळासारखाच अटळ वाटू लागतो. गारपिटीविरुद्ध कोणी बंड करत नाही. मग सुलतानीविरुद्ध का करावे? शतकानुशतके रयतेने सोसले, त्यात या जोडीचा हात असू शकतो. मात्र कलमाचा रोख लक्षात घेतला तर उलटही दिसते. नशिबाला दोष देणाऱ्याला करारात अट घालून घ्यावी लागत नाही. सूट, माफी, तहकुबी ही मागण्याची भाषा आहे, आणि मागणी मान्य झाली नाही तर गाव उठून जाई, हा रयतेचा जुना आणि परिणामकारक उपाय होता. इंग्रजी अमलातही तो वापरला गेला. 1820 च्या दशकाच्या अखेरीस इंग्रज अधिकारी प्रिंगलने सोलापूरला लागून असलेल्या इंदापूर भागात जो जमीनधारा बसवला तो निव्वळ उत्पन्नाच्या 55 टक्के धरून. मोजणी चुकीची, वसुली कडक. शेतकरी जमिनी टाकून शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेले, आणि 1830 च्या दशकाच्या मध्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांना नव्याने पाहणी करावी लागली. कायद्याच्या राज्यातून लोक संस्थानिकांकडे पळाले, ही गोष्ट इंग्रजांच्या स्वतःच्या अहवालांत नोंदलेली आहे.

किंबहुना एकोणिसाव्या शतकातला सर्वांत मोठा राजकीय वाद या जोडीतल्या दोन शब्दांमधलाच होता. 1876 ते 1878 च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला. सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला निवेदने पाठवली. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळसंहिता तयार झाल्या. 1896 मध्ये पुन्हा पीक बुडाले तेव्हा टिळकांनी केसरीतून त्याच संहितेचा आधार घेऊन शेतकऱ्यांना सांगितले की पीक नसेल तर सारा भरण्यासाठी घरदार विकू नका, सूट हा तुमचा हक्क आहे. म्हणजे जुन्या कौलातले कलम नव्या कायद्यात शोधले गेले. रमेशचंद्र दत्तांनी 1900 मध्ये कर्झनला खुली पत्रे लिहून दुष्काळाचे मूळ जमीनमहसुलात आहे असे मांडले. सरकारने 1902 च्या ठरावात उत्तर दिले की दोष पावसाचा आहे. एक म्हणतो सुलतानी, दुसरा म्हणतो अस्मानी. दोघेही इंग्रजीत बोलत होते एवढाच फरक. पुढे अमर्त्य सेन यांनी 1981 च्या ग्रंथात बंगालच्या 1943 च्या दुष्काळाचे विश्लेषण करताना दाखवून दिले की अन्न उपलब्ध असूनही ते मिळवण्याची ऐपत गेल्याने माणसे मरतात. मंगळवेढ्याच्या कोठारापुढे उभ्या असलेल्या माणसाला हे शास्त्रीय भाषेत सांगता आले नसते, पण समजावूनही सांगावे लागले नसते. उलट 1972-73 मध्ये महाराष्ट्रात पाऊस फार कठोरपणे चुकला, सोलापूर सर्वाधिक तडाखा बसलेल्या जिल्ह्यांत होते, आणि तरीही बंगालसारखा संहार झाला नाही, कारण लाखो लोकांना सरकारी कामांवर मजुरी मिळाली. त्यातूनच रोजगार हमी कायदा आला. अस्मानी आली आणि सुलतानी बऱ्याच अंशी टळली. दोन गोष्टी वेगळ्या आहेत याचा याहून स्वच्छ पुरावा नको.

शब्दाच्या मर्यादाही सोलापूरनेच दाखवल्या. मे 1930 मध्ये गांधींच्या अटकेनंतर शहर उठले, 8 मेला गोळीबार झाला, 12 मेपासून लष्करी कायदा लागू झाला आणि तो जूनअखेरपर्यंत राहिला. तिरंगा बाळगणे गुन्हा ठरले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली. या प्रसंगाला लोकांनी सुलतानी म्हटले नाही. त्याचे नाव आजही ‘मार्शल लॉ’ हेच आहे, इंग्रजीतूनच घेतलेले. हे अपघाताने झाले नसावे. सुलतानीत रयत नुकसान सोसते आणि सूट मागते. 1930 चे सोलापूर काही मागत नव्हते, ते सत्ताच नाकारत होते. गिरणगावच्या कामगारांचा आणि व्यापाऱ्यांचा सरकारशी जमिनीच्या साऱ्याचा व्यवहार नव्हता. हक्काची भाषा बदलली तेव्हा महसुली कलमातला शब्द अपुरा पडला.

शेतीत मात्र तो अपुरा पडलेला नाही. शेतकरी चळवळीने 1980 नंतर भावाच्या धोरणाला, निर्यातबंदीला, लेव्हीला सुलतानी म्हटले तेव्हा काहींना ती अतिशयोक्ती वाटली. मूळ अर्थाने पाहिले तर ते प्रयोग अगदी काटेकोर आहेत. कांद्याचे पीक उत्तम आले, आभाळाने साथ दिली, आणि डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने निर्यात बंद केल्यावर सोलापूरच्या बाजार समितीत भाव कोसळले, तर हे नुकसान कोणत्या सदरात घालायचे? सरकारजवळ अस्मानी मोजायची साधने आहेत. गावाची पैसेवारी निघते, ती 50 पैशांच्या खाली गेली की टंचाईच्या सवलती लागू होतात. पावसाच्या खंडाचे दिवस मोजले जातात. पीकविम्यात गारपीट, पूर, कीड यांची कलमे आहेत. त्याच विम्यात युद्ध आणि टाळता येण्याजोग्या जोखमी स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत, आणि सरकारी हुकमाने पडलेला भाव तर त्याच्या कक्षेतच येत नाही. जुन्या करारात दोन आफती होत्या, नव्यात एकच उरली. पूर्वीचा मामलेदार दुसरीची भरपाई खरोखर देत होता असा दावा कोणी करू नये. पण ती मागण्यासाठी कागदावर जागा होती. सुलतानीची पैसेवारी काढण्याची पद्धत अद्याप कोणत्याही महसूल खात्याने बसवलेली नाही, आणि तोवर हा शब्द कोशात ‘जुना’ अशी खूण करून ठेवण्याची घाई कोशकारांनी करू नये.